‘नो सेशन’ची एरर आणि दूध संस्थेचं बिल: जावातलं लेझी लोडिंग सोप्या भाषेत

जावामध्ये वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या माणसाला एक ओळ तोंडपाठ असते: ‘कुड नॉट इनिशिअलाइझ प्रॉक्सी – नो सेशन’. एररचं पूर्ण नाव लेझी इनिशिअलायझेशन एक्सेप्शन. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की ही ओळ व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागते. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत तर ती बारमाही असते. शोधलं तर तासाभरात चार उपाय सापडतात. त्यातला कुठलाही एक डकवला की एरर जाते. मग काही महिन्यांनी गावोगावचे फोन सुरू होतात: ‘‘सायेब, चाक नुसतं फिरतंय, बिल काय निघंना झालंय.’’

ती गेलेली एरर आणि हे फिरणारं चाक यांचा थेट संबंध आहे. तो काय, हे इथे उलगडून बघू. ज्यांना कोड लिहायचा नाही पण अशी सॉफ्टवेअर रोज वापरावी लागतात, त्यांनाही निदान पहिला अर्धा भाग समजावा असा प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगून ठेवतो: ही एरर प्रामाणिक आहे. या स्क्रीनला कुठली माहिती लागणार हे कुणी ठरवलंच नव्हतं, एवढंच ती सांगते. तिचं तोंड बंद करणारे बहुतेक झटपट उपाय तेवढे प्रामाणिक नसतात.

## चारशे सभासद, दहा दिवसांचं बिल

करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावची दूध संस्था डोळ्यांपुढे आणा. चारशे सभासद. सकाळ-संध्याकाळ दूध येतं आणि प्रत्येक वेळी लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर यांची एक नोंद होते. बिल दर दहा दिवसांनी. म्हणजे एका सभासदाच्या एका बिलात २० नोंदी. शिवाय पशुखाद्य, ॲडव्हान्स, विमा अशा समजा तीन कपाती. सचिवांनी महिन्याच्या अकरा तारखेला बटण दाबलं की चारशे बिलांची यादी स्क्रीनवर यायला हवी.

ही सगळी माहिती डेटाबेसमध्ये तक्त्यांत असते: एक तक्ता सभासदांचा, एक बिलांचा, एक दूध नोंदींचा, एक कपातींचा. जावाचा प्रोग्रॅम मात्र तक्ते बघत नाही. त्याला ‘बिल’ नावाचा ऑब्जेक्ट हवा असतो, ज्याच्या पोटात नोंदींची यादी आहे, कपातींची यादी आहे आणि सभासदाकडे जाणारा दुवा आहे. तक्त्यातल्या ओळी उचलून असे ऑब्जेक्ट बनवणं आणि ऑब्जेक्टमधले बदल परत ओळींत लिहिणं हे काम पूर्वी हातानं करावं लागे. ते आपोआप करणारं हायबरनेट गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलं. २००६ मध्ये याच कामासाठी जेपीए नावाचं जावाचं प्रमाण (स्टँडर्ड) आलं. आज स्प्रिंग बूट, म्हणजे जावात वेब ॲप्लिकेशन उभारायची तयार चौकट, वापरणारे बहुतेक लोक जेपीएच्या पडद्याआडून हायबरनेटच वापरतात.

हायबरनेटनं डेटाबेसमधून आणलेल्या वस्तूंचा हिशेब जिथे ठेवलेला असतो, ते सेशन. कुठली ओळ आणली, तिच्यात काय बदललं, आणखी काय आणायचं बाकी आहे, हे सगळं त्यालाच माहीत. जेपीएत त्याच जागी एंटिटी मॅनेजर असतो. हे सेशन आणि ब्राउझरमधल्या लॉगिनचं सेशन यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नावाच्या या गोंधळापायी ‘नो सेशन’ वाचून लॉगिनचा टाइमआउट ३० मिनिटांवरून ६० वर नेणारे नवशिके दरवर्षी भेटतात. त्यानं काहीच होत नाही, कारण हायबरनेटचं सेशन बहुतेक वेळा सेकंदाच्या काही भागापुरतंच जगतं.

## लेझी म्हणजे काय

एक बिल मागितलं म्हणून त्याच्या २० नोंदी, तीन कपाती, सभासद, सभासदाची मागची सगळी बिलं, त्या बिलांच्या नोंदी असं सगळं ओढत आणलं तर अख्खी संस्था मेमरीत येईल. म्हणून हायबरनेट नोंदी आणतच नाही. त्यांच्या जागी एक पोकळ वस्तू ठेवतं. तिला प्रॉक्सी म्हणतात. तिला कुणी हात लावला की मगच डेटाबेसकडे धाव. मागेल तेव्हा आणायचं, हेच लेझी लोडिंग.

अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल स्टँडवर काय होतं बघा. चप्पल ठेवली की हातात नंबरचा बिल्ला मिळतो. बिल्ला म्हणजे चप्पल नव्हे, पण काउंटर उघडा आहे तोवर बिल्ला दाखवला की चप्पल हातात. रात्री काउंटर बंद झाला की तोच बिल्ला खिशात असून नसल्यासारखा. मजा अशी, की त्यावरचा नंबर तेव्हाही वाचता येतो. प्रॉक्सीचंही अगदी असंच असतं. सभासदाच्या प्रॉक्सीला तिचा आयडी विचारला तर ती सेशन संपल्यावरही बिनबोभाट सांगते, कारण तो तिच्यापाशीच असतो. नाव विचारलं की मात्र काउंटरकडे जावं लागतं, आणि काउंटर बंद असेल तर ‘नो सेशन’. ‘आयडी येतोय, नाव का येत नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

पडद्यामागे, एकेरी दुव्यासाठी (जसा बिलाकडून सभासदाकडे) हायबरनेट प्रोग्रॅम चालू असतानाच तुमच्या क्लासचा, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याचा, एक उपक्लास तयार करतं. म्हणून तो क्लास ‘फायनल’, म्हणजे उपक्लास काढायला मनाई असलेला, असेल तर प्रॉक्सी बनवता येत नाही. याद्यांच्या जागी हायबरनेटची स्वतःची यादी बसते. डीबगरमध्ये (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकावायचं साधन) ‘पर्सिस्टंट बॅग’ असं नाव दिसतं ती हीच.

कुठलं नातं लेझी आणि कुठलं ईगर, म्हणजे लगेच आणायचं, याचे जेपीएचे मूळ नियम थोडे आडमुठे आहेत. याद्या मुळात लेझी असतात, तर एकेरी दुवे, म्हणजे ‘मेनी टू वन’ आणि ‘वन टू वन’, मुळात ईगर. बिलाकडून सभासदाकडे जाणारा दुवा तुम्ही काहीच लिहिलं नाही तर ईगर राहतो. एकेरी दुव्यांवरही हातानं लेझी लिहायची सवय लावलेली बरी.

## सेशन नेमकं कुठे संपतं

एरर शोधताना खरा वेळ इथे जातो. स्प्रिंगमध्ये साधारणपणे ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसवरचं एक तर पूर्ण होणारं नाहीतर मुळीच न होणारं काम, संपलं की सेशनही संपतं. सर्व्हिसच्या (ॲपचं मुख्य काम करणाऱ्या क्लासच्या) मेथडवर, म्हणजे फंक्शनवर, ‘@ट्रान्झॅक्शनल’ लिहिलेलं असेल तर ती मेथड संपेपर्यंत सेशन जिवंत राहतं. लिहिलेलं नसेल तर रिपॉझिटरीची (डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाची) प्रत्येक मेथड स्वतःपुरतं छोटं सेशन उघडते आणि लगेच बंद करते. म्हणून ‘फाइंडऑल’नं चारशे बिलं आणली आणि पुढच्याच ओळीत पहिल्या बिलाच्या नोंदी मोजल्या तरी एरर येऊ शकते. ‘आत्ताच तर आणलं, एवढ्यात सेशन गेलं कुठं?’ असं वाटणं साहजिक आहे.

‘@ट्रान्झॅक्शनल’ लिहूनही चालत नसेल, तर ती मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडनं बोलावली आहे का ते आधी बघा. स्प्रिंग हे ट्रान्झॅक्शन क्लासच्या बाहेरून एक वेष्टन घालून लावतं. घरातल्या घरात मारलेली हाक त्या वेष्टनातून जातच नाही, त्यामुळे ती खूण कोडमध्ये दिसते पण लागू होत नाही.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे वेगळा थ्रेड, प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा. बिल निघालं की सभासदाला एसएमएस जायचा असतो आणि तो ‘@असिंक’ लावून मागे ढकललेला असतो. सेशन हे थ्रेडला बांधलेलं असतं. नव्या थ्रेडमध्ये बिलाचा ऑब्जेक्ट पोचतो, सेशन पोचत नाही. तिथे ऑब्जेक्ट पाठवूच नका. आयडी पाठवा, किंवा मोबाइल नंबर आणि रक्कम एवढंच पाठवा.

तिसरी जागा फसवी आहे, कारण तिथे तुम्ही नोंदींना हात लावलेलाच नसतो. बिल जेसन (मजकुराच्या रूपात माहिती पाठवायची एक पद्धत) स्वरूपात ब्राउझरकडे पाठवताना ते रूपांतर करणारी जॅक्सन लायब्ररी प्रत्येक गेटर, म्हणजे माहिती वाचून देणारी मेथड, स्वतःच बोलावते. किंवा लाँबॉक या नेहमीचा कोड आपोआप लिहून देणाऱ्या लायब्ररीच्या ‘@डेटा’नं बनवलेली टूस्ट्रिंग मेथड (ऑब्जेक्ट मजकूर करून छापणारी) सगळ्या याद्या छापायला जाते. एखादी निरुपद्रवी दिसणारी लॉगची ओळ, आणि तिच्यातून एरर. बिलात नोंदी आणि नोंदीत परत बिल असं दुहेरी नातं असेल तर याच वाटेनं प्रोग्रॅम स्वतःभोवती फिरत राहून स्टॅक ओव्हरफ्लोही होतो. एंटिटीवर, म्हणजे तक्त्यातल्या ओळीपासून बनणाऱ्या ऑब्जेक्टच्या क्लासवर, ‘@डेटा’ लावू नये, एवढं मी डोळे झाकून सांगेन.

म्हणून स्टॅक ट्रेस (एररपर्यंत कोड कुठून कसा पोचला ते दाखवणाऱ्या ओळी) वाचताना फक्त पहिली ओळ वाचून थांबू नका. खाली उतरत जा आणि प्रॉक्सीला पहिला हात कुणी लावला ते शोधा. तुमची सर्व्हिस, जॅक्सन, पानाचा टेम्प्लेट की टूस्ट्रिंग? गुन्हेगार सापडला की उपाय जवळपास ठरतोच. आणि हे डीबगर लावून बघू नका. डीबगरच्या खिडकीत यादी उलगडून बघितली की ती तिथल्या तिथे लोड होते, एरर गायब होते, आणि तुम्ही तासभर भुताच्या मागे लागता.

## ‘‘ईगर करून टाक की भावा’’

ऑफिसातल्या जुन्या मंडळींकडून मिळणारा हा पहिला सल्ला. नोंदींची यादी ईगर केली की एरर जाते, यात शंका नाही. पण ईगर म्हणजे ‘या स्क्रीनसाठी आण’ असा हुकूम नव्हे. ‘बिल जिथे जिथे येईल तिथे तिथे, कायम आण’ असा तो अर्थ आहे. फक्त बिलाचा नंबर दाखवणाऱ्या पानालाही मग २० नोंदींचा भार. आणि एकदा मॅपिंगमध्ये, म्हणजे तक्ते आणि ऑब्जेक्ट यांच्या जोडणीत, ईगर लिहिलं की एखाद्या क्वेरीपुरतं (डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नापुरतं) ते लेझी करायचा सोपा रस्ता उरत नाही. उलटं मात्र करता येतं: मॅपिंगमध्ये लेझी ठेवून हव्या त्या क्वेरीत लगेच आणणं.

बरं, ईगर केलं म्हणून सगळं एका फेरीत येतं असंही नाही. तुम्ही क्वेरी लिहून बिलांची यादी मागितली, तर हायबरनेट आधी बिलं आणतं आणि मग ‘अरे, नोंदी ईगर आहेत’ म्हणून प्रत्येक बिलासाठी वेगळी क्वेरी पाठवतं. एक अधिक चारशे, एकूण ४०१. यालाच ‘एन अधिक एक’ची अडचण म्हणतात, आणि ती लेझी असतानाही तशीच येते, फरक इतकाच, की तेव्हा ती लूपमध्ये दडलेली असते.

४०१ क्वेरी म्हणजे किती वेळ? डेटाबेस त्याच मशीनवर असेल आणि एका क्वेरीला दोन मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाच्या आत काम होतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच ॲप कोल्हापुरातल्या सर्व्हरवर आणि डेटाबेस मुंबईच्या क्लाउडमध्ये असला, आणि जाऊन-येऊन समजा २० मिलिसेकंद लागले, तर आठ सेकंद झाले. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर पळणारं ॲप गावात का अडखळतं याचं हे एक मोठं कारण. सचिवांना वाटतं इंटरनेट स्लो आहे.

## ‘‘आमच्याकडे तर ही एरर कधी येतच नाही’’

तुम्ही स्प्रिंग बूट वापरत असाल आणि सेटिंगला हात लावला नसेल, तर हे खरं असू शकतं. ‘स्प्रिंग.जेपीए.ओपन-इन-व्ह्यू’ नावाचं सेटिंग मुळातच चालू असतं. त्यामुळे वेब रिक्वेस्ट आली की सेशन उघडतं आणि पान पूर्ण तयार होऊन उत्तर जाईपर्यंत उघडंच राहतं. या पद्धतीला ओपन सेशन इन व्ह्यू म्हणतात. २०१८ च्या स्प्रिंग बूट २.० पासून ॲप सुरू होताना त्याबद्दल लॉगमध्ये एक इशारा येतो. तो रोज दिसतो म्हणूनच कुणी वाचत नाही.

नवशिक्याला यात आराम आहे, हे मान्य. रात्रीचा हिशेब लावणारा ‘@शेड्यूल्ड’ जॉब लिहिला की मात्र उघडं पडतं: तीच सर्व्हिस, तीच मेथड, स्क्रीनवरून चालते आणि जॉबमध्ये पडते. जॉबला वेब रिक्वेस्टच नसते, त्यामुळे उघडं सेशन देणारं कुणी नसतं.

खरी किंमत कनेक्शनमध्ये मोजावी लागते. डेटाबेसशी बोलायला लागणारी कनेक्शन मोजकी असतात. स्प्रिंग बूटसोबत येणाऱ्या हिकारी पूलमध्ये, म्हणजे कनेक्शनच्या साठ्यात, मुळात १०. त्याच वेळी टॉमकॅट हा वेब सर्व्हर मात्र २०० थ्रेडपर्यंत रिक्वेस्ट घेऊ शकतो. स्प्रिंगच्या नेहमीच्या मांडणीत ओपन सेशन इन व्ह्यू चालू असताना एकदा वापरलेलं कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत त्या सेशनकडेच अडकून राहतं. आता बिल तयार झाल्यावर त्याच रिक्वेस्टमध्ये तुम्ही एसएमएस गेटवेला हाक मारली आणि तो तीन सेकंद घेत बसला, तर त्या तीन सेकंदांत डेटाबेसचं काहीही काम नसताना एक कनेक्शन नुसतं धरून ठेवलेलं असतं. अकरा तारखेला सकाळी दहा गावांच्या सचिवांनी एकदम बटण दाबलं की दहाही संपली. अकरावा ताटकळतो. ३० सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही तर लॉगमध्ये ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस’ अशी ओळ येते. लोक मग पूल १० चा ५० करतात. दुखणं थोडं पुढे सरकतं, आणि डेटाबेसवरचा भार वाढतो तो वेगळाच.

याहून वाईट एक प्रकार आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. सेशन उघडं असेतो एंटिटी त्याच्या नजरेखाली असतात. कंट्रोलरमध्ये (वेब रिक्वेस्ट हाताळणाऱ्या भागात) कुणीतरी सद्हेतूनं सभासदाचा बँक खाते नंबर स्क्रीनवर झाकायचा म्हणून एंटिटीतच शेवटचे चार आकडे ठेवून बाकीच्या जागी फुल्या घातल्या. एंटिटी आणणारं ट्रान्झॅक्शन रीड-ओन्ली नव्हतं, आणि त्याच रिक्वेस्टमध्ये पुढे ‘कोण, कधी बघून गेलं’ याची नोंद करणारी दुसरी ट्रान्झॅक्शन असलेली मेथड चालली. ते ट्रान्झॅक्शन पूर्ण होताना हायबरनेट बदललेल्या सगळ्या एंटिटी लिहून टाकतं. फुल्यांसकट. कुणीही ‘सेव्ह’ म्हटलेलं नसताना खाते नंबर डेटाबेसमधून गेला. सेशन वेळेवर बंद झालं असतं तर तो बदल तिथेच हवेत विरला असता.

म्हणून नवं ॲप असेल तर पहिल्या दिवशी हे सेटिंग ‘फॉल्स’ करा. जुन्या ॲपमध्ये थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरत असलेल्या सर्व्हरवर, हा प्रयोग नको. आपल्या मशीनवर बंद करून एकेक स्क्रीन चालवा. जिथे जिथे एरर येईल ती तुमच्या कामाची यादी.

## आणि ती दुसरी जादूची प्रॉपर्टी?

‘हायबरनेट.एनेबल_लेझी_लोड_नो_ट्रान्स’. नावाला साजेसं काम करते: सेशन नसताना प्रॉक्सीला हात लावला की तात्पुरतं नवं सेशन उघडते, माहिती आणते, बंद करते. प्रत्येक वेळी. चारशे बिलांच्या नोंदी म्हणजे चारशे तात्पुरती सेशन, आणि सगळी माहिती एकाच ट्रान्झॅक्शनमधली आहे याची हमी संपली. अर्धी बिलं कपात बदलण्याआधीची, अर्धी नंतरची, असंही होऊ शकतं. पैशांच्या कामात हिला जागा नाही. पुढे जाऊ.

## मग करायचं काय

स्क्रीनला काय लागतं ते आधी कागदावर लिहा. खरंच लिहा. बिलांच्या यादीच्या पानावर सभासदाचा कोड, नाव, एकूण लिटर, एकूण रक्कम आणि हाती येणारी रक्कम एवढंच दिसतं. २० नोंदी तिथे कुणी बघत नाही. मग त्या आणायच्याच कशाला? डेटाबेसकडूनच बेरीज करून घ्या आणि या पाच गोष्टींपुरता एक छोटा ऑब्जेक्ट भरा. त्याला डीटीओ म्हणतात. नव्या जावात त्यासाठी ‘रेकॉर्ड’ हा प्रकार सोयीचा पडतो. एक क्वेरी, चारशे ओळी, काम संपलं. त्यात प्रॉक्सीच नसल्यामुळे तो कुठल्याही थ्रेडमध्ये, जेसनमध्ये, एसएमएसमध्ये बिनधास्त पाठवता येतो. फक्त दाखवायच्या स्क्रीनसाठी मी नेहमी हाच रस्ता धरीन.

एका बिलाचं सविस्तर पान, किंवा बिल दुरुस्त करायचं पान असेल, तर पूर्ण एंटिटी आणि तिच्या नोंदी हव्यातच. तिथे क्वेरीतच ‘जॉइन फेच’ लिहायचं: बिल आण आणि त्याच फेरीत नोंदीही आण. क्वेरी न लिहिता हेच सांगायचं असेल तर रिपॉझिटरीच्या मेथडवर ‘@एंटिटीग्राफ’ लावता येतो. यात एक बारीक खड्डा आहे. एखाद्या सभासदाची म्हैस भाकड आहे, दहा दिवसांत दुधाचा थेंब नाही, पण पशुखाद्याची कपात लागते. त्याच्या बिलात नोंदी शून्य. साधं ‘जॉइन फेच’ लिहिलं तर हे बिल यादीतून गुपचूप गळतं. ‘लेफ्ट जॉइन फेच’ लिहिलं तरच राहतं. एरर कुठलीच येत नाही, फक्त ताळेबंदात कपातीची रक्कम जुळत नाही.

आणखी एक प्रश्न मॅपिंग करतानाच विचारायला हवा: ही यादी मुळात असावी का? बिलाला नोंदींची यादी शोभते, कारण ती विसाच्या आसपास थांबते. सभासदाला नोंदींची यादी जोडली तर दिवसाला दोन या हिशेबानं वर्षाला ७३० नोंदी होतात आणि त्या थांबत नाहीत. चारशे सभासदांच्या एका वर्षाच्या २,९२,००० ओळी. ‘सभासद.गेटनोंदी’ म्हणणाऱ्याला हवे असतात शेवटचे दहा दिवस, येतात सगळी वर्षं. अशी यादी काढून टाका आणि तारखेची मर्यादा घालून नोंदींच्या रिपॉझिटरीला सरळ विचारा. लेझी-ईगरचा निम्मा वाद असल्या यादीपायीच होतो.

जुनं ॲप आहे, सगळ्या क्वेरी आज बदलणं शक्य नाही, अशा वेळी ‘हायबरनेट.डिफॉल्ट_बॅच_फेच_साइझ’ हे सेटिंग मदतीला येतं. ते समजा ५० ठेवलं तर हायबरनेट एका वेळी पन्नास बिलांच्या नोंदी मागतं. ४०१ च्या जागी ९ क्वेरी. सेशन मात्र उघडं लागतंच. हा उपाय ‘नो सेशन’वरचा नाही, फेऱ्या कमी करण्याचा आहे. एका ओळीच्या बदलात एवढा फायदा देणारं हायबरनेटमध्ये फारसं काही नाही.

## दोन याद्या एकदम आणल्या तर

नोंदी आणि कपाती दोन्ही जॉइन फेचनं मागितल्या की ‘मल्टिपल बॅग फेच एक्सेप्शन’ येतं. यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे लिस्टच्या जागी सेट करा. एरर जाते, आणि परत तीच गोष्ट: एरर गेली, बिल डेटाबेसच्या नावावर फाटलं. २० नोंदी आणि तीन कपाती यांची प्रत्येकाशी प्रत्येक अशी जोडी लागते आणि एका बिलामागे ६० ओळी येतात. चारशे बिलांच्या २४,०००. दोन वेगळ्या क्वेरी केल्या असत्या तर ८,००० आणि १,२०० मिळून ९,२०० झाल्या असत्या. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी बिलं आणि नोंदी, मग त्याच बिलांच्या कपाती अशा दोन क्वेरी चालवा. सेशन एकच असल्यामुळे कपाती त्याच बिलांच्या ऑब्जेक्टमध्ये जाऊन बसतात.

पानं पाडताना, म्हणजे एका वेळी २० बिलं दाखवताना, यादीचं जॉइन फेच आणखी एक खोडी करतं. जोडून आलेल्या ओळींत २० बिलं कुठे संपली हे डेटाबेसला सांगता येत नाही, म्हणून हायबरनेट सगळी बिलं मेमरीत ओढतं आणि तिथे पहिली २० कापतं. लॉगमध्ये ‘अप्लाइंग इन मेमरी’ असा इशारा येतो. आधी फक्त २० आयडी आणा, मग त्या आयडींची पूर्ण बिलं. ‘हायबरनेट.क्वेरी.फेल_ऑन_पेजिनेशन_ओव्हर_कलेक्शन_फेच’ चालू केलं तर इशाऱ्याऐवजी सरळ एरर मिळते. मला ते आवडतं.

## ‘‘एवढ्या भानगडीपेक्षा सरळ एसक्यूएल लिहिलेलं काय वाईट?’’

काहीच वाईट नाही. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला थेट प्रश्न विचारायची भाषा. रिपोर्ट, बेरजा, वार्षिक ताळेबंद यांसाठी लिहावंच. हायबरनेटची खरी मदत बदल करताना होते: बिल उघडलं, एक कपात काढली, दुसरी घातली, आणि कुठल्या ओळीवर कुठली आज्ञा चालवायची हे त्यानं ठरवलं. एकाच ॲपमध्ये दोन्ही सुखानं नांदतात. हायबरनेट वापरलं की एसक्यूएल शिकायची गरज नाही, हे मात्र क्लासवाल्यांनी सांगणं थांबवायला हवं. वर आलेला प्रत्येक आकडा पडद्यामागे कुठली क्वेरी जाते हे बघितल्याशिवाय कळत नाही. ते बघायला ‘ऑर्ग.हायबरनेट.एसक्यूएल’ या लॉगरची पातळी डीबगवर ठेवली की पुरतं.

## टेस्ट हिरव्या आहेत, तरी?

टेस्टवर, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, विसंबताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. ‘@डेटाजेपीएटेस्ट’ आणि ‘@ट्रान्झॅक्शनल’ लावलेल्या टेस्ट अख्ख्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात. सेशन शेवटपर्यंत उघडं, म्हणून ‘नो सेशन’ तिथे सहसा येतच नाही. सर्व्हिसची निदान एक टेस्ट ट्रान्झॅक्शनशिवाय लिहा आणि तिनं परत केलेली वस्तू मेथडच्या बाहेर वापरून बघा.

दुसरं, टेस्टमध्ये दोन सभासद आणि तीन नोंदी घातलेल्या असतात. तिथे ‘एन अधिक एक’ म्हणजे एक अधिक दोन. कुणाला कळणार? पन्नास बिलं घाला. ‘हायबरनेट.जनरेट_स्टॅटिस्टिक्स’ चालू करून किती स्टेटमेंट गेली तो आकडा घ्या आणि तीनपेक्षा जास्त गेली तर टेस्ट पाडा. मोजण्याआधी मात्र एंटिटी मॅनेजरवर ‘फ्लश’ आणि ‘क्लिअर’ करा, मग स्टॅटिस्टिक्सही ‘क्लिअर’ करा. तसं केलं नाही तर त्याच सेशनमध्ये आत्ता सेव्ह केलेली बिलं नोंदींसकट मेमरीतच असतात, हायबरनेट त्यांच्यासाठी डेटाबेसकडे जातच नाही, आणि आकडा खोटा कमी येतो.